पडद्याचा कोपरान्‌कोपरा : झाक ताती यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रेंच नट आणि दिग्दर्शक झाक ताती (१९०७–१९८२) यांच्यावर आम्ही एक पानी टिपण छापलं होतं. पंचवीस वर्षांत काढलेले जेमतेम सहा मोठे चित्रपट, त्यांतल्या चारांत ताती यांनीच उभा केलेला उंच, पुढे झुकलेला मस्य उलो आणि ‘प्लेटाइम’ या एका चित्रपटापायी निघालेलं दिवाळं, एवढंच त्यात मावलं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताती यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करावी? (सांगली)

उत्तर : ‘ले व्हाकांस द मस्य उलो’पासून (१९५३). समुद्रकाठचं एक छोटं हॉटेल, सुट्टीला आलेली मध्यमवर्गीय मंडळी आणि त्यांच्यात फटफट करत येणारी उलोची खटारा आमिल्कार गाडी. कथानक असं काही नाहीच. लोक येतात, जेवतात, टेनिस खेळतात, घरी जातात. दीड तासात ताती यांचा सूर कानात बसतो. त्यानंतर ‘मोनोंक्ल’ (माझा मामा, १९५८) घ्या. यात गोष्ट थोडी जास्त आहे आणि लहान मुलंही रमतात. मग मागे येऊन ‘जूर द फेत’ (जत्रेचा दिवस, १९४९), आणि ‘प्लेटाइम’ (१९६७) चौथ्या क्रमांकावर.

बरेच लोक नेमके उलटे जातात. ‘प्लेटाइम’ सर्वांत थोर म्हणून ऐकलेलं असतं, म्हणून तोच आधी लावतात आणि अर्ध्या तासात बंद करतात. कारण सरळ आहे. आपली नजर पडद्यावर नायक शोधत असते, आणि इथे नायकच नाही. उलो येतो, गर्दीत हरवतो, त्याच्यासारखी टोपी घातलेला भलताच माणूस दिसतो. आधीच्या तीन चित्रपटांत ताती यांनी प्रेक्षकाला मागच्या रांगेतल्या माणसांकडे बघायची सवय लावलेली असते. ती नसेल तर ‘प्लेटाइम’ म्हणजे नुसती काच आणि कोऱ्या चेहऱ्याची माणसं.

‘त्राफिक’ (१९७१) पाचवा. उलो यात मोटारींचा डिझायनर आहे आणि एक कॅम्पर गाडी पॅरिसहून ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात न्यायची आहे. गाडीच्या पुढच्या जाळीची शेगडी होते, हॉर्नमधून दाढीचं यंत्र निघतं. मधला भाग जरा सैल पडतो हे खरं, पण चौकातल्या अपघाताचं दृश्य आणि सिग्नलला थांबून नाक कोरणारे चालक यासाठी तो पाहायलाच हवा. ‘पाराद’ (१९७४) हा स्वीडिश टीव्हीसाठी बहुतांशी व्हिडिओवर केलेला सर्कशीचा कार्यक्रम. तो शेवटी, आणि तोवर ताती आवडू लागले असतील तरच.

प्रश्न : एकाच चित्रपटाच्या दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या प्रती दिसतात. खरी कोणती? (नाशिक, डोंबिवली)

उत्तर : ताती प्रदर्शनानंतरही चित्रपटांत हात घालत राहिले, त्यामुळे हा घोळ आहे. एकेक पाहू.

‘जूर द फेत’च्या तीन प्रती. १९४९ ची कृष्णधवल. १९६४ ची, जिच्यात ताती यांनी एका तरुण चित्रकाराचं पात्र नव्याने चित्रित करून घातलं आणि काही वस्तू स्टेन्सिलने रंगवल्या. आणि १९९५ ची संपूर्ण रंगीत. पहिल्यांदा पाहत असाल तर कृष्णधवल घ्या. रंगीत प्रत दुसऱ्या वेळी. १९६४ ची फक्त तुलनेपुरती. तो चित्रकार गावात उगाच घुटमळतो असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘व्हाकांस’ची आज सर्वत्र मिळणारी प्रत १९७८ ची आहे. १९५३ ची प्रत यापेक्षा दहाएक मिनिटांनी मोठी होती. ताती यांनी १९६० च्या दशकात ती कापली, संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केलं आणि १९७८ मध्ये पुन्हा त्या किनाऱ्यावर जाऊन काही नवे शॉट घेतले. उलोची मधोमध मोडलेली होडी जबड्यासारखी उघडते-मिटते आणि किनाऱ्यावरची माणसं शार्क समजून पळत सुटतात, ती पळापळ या नव्या शॉटमधली. स्पीलबर्गचा ‘जॉज’ १९७५ चा, हे लक्षात घेतलं की संदर्भ लागतो. २००९ मध्ये दुरुस्त होऊन आलेली प्रत हीच. निर्धास्त पाहा.

‘मोनोंक्ल’ फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वेगवेगळा चित्रित झाला. इंग्रजी प्रत काही मिनिटांनी लहान आहे आणि तिच्यात काही प्रसंगांचे शॉटही वेगळे आहेत. फ्रेंचच घ्या.

‘प्लेटाइम’ डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसला लागला तेव्हा अडीच तासांहून मोठा होता. पहिल्या काही आठवड्यांतच ताती यांनी कात्री लावायला सुरुवात केली. कापलेला सगळा भाग परत मिळालेला नाही. आज जी प्रत प्रमाण मानतात ती २००२ मध्ये दुरुस्त झालेली, सुमारे १२४ मिनिटांची. याहून बरीच छोटी प्रत हाती आली तर ती जुनी परदेशी ३५ मिमी प्रत असण्याचा संभव जास्त. ती सोडून द्या.

प्रश्न : ‘जूर द फेत’ रंगीत काढला होता तर कृष्णधवल का दाखवला? आणि पन्नास वर्षांनी रंग आला कुठून? (कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण याविषयी फार गैरसमज आहेत. १९९५ चे रंग संगणकावर भरलेले नाहीत. ते १९४७ मध्येच फिल्मवर टिपलेले होते.

ताती यांनी थॉमसनकलर नावाची नवीकोरी फ्रेंच पद्धत वापरली. त्यातली फिल्म मुळात कृष्णधवलच असते. तिच्या एका बाजूला अतिशय बारीक, एकमेकींना समांतर रेघा दाबून उठवलेल्या असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक इवलंसं दंडगोल भिंग. कॅमेऱ्याच्या लेन्सवर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन पट्ट्यांचा फिल्टर. फिल्टरमधून आलेला प्रकाश त्या बारीक भिंगांतून जाताना तीन रंगांप्रमाणे विभागला जातो आणि प्रत्येक रेघेमागे तीन सूक्ष्म पट्टे कृष्णधवल छटांत नोंदले जातात. म्हणजे फिल्मवर रंग नाही, रंगाचा हिशोब आहे. दाखवताना प्रोजेक्टरला तसाच तीन पट्ट्यांचा फिल्टर लावून प्रकाश उलट पाठवला की रंग उमटतात.

घोडं अडलं ते प्रती काढताना. एका फिल्मवरच्या रेघा दुसऱ्या फिल्मवरच्या रेघांशी तंतोतंत जुळल्या तरच रंग टिकतात. केसभर सरकल्या की लाल हिरव्यात मिसळतो आणि पडद्यावर लाटांसारख्या नक्षी उठतात. थिएटरांत पाठवायच्या प्रती काढण्याचं काम त्या कंपनीला जमलंच नाही. ताती यांच्या हातात रंगीत नेगेटिव्ह होती, पण ती दाखवायची कशी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

वाचवलं दुसऱ्या कॅमेऱ्याने. नव्या पद्धतीचा भरवसा नाही म्हणून शेजारी एक साधा कृष्णधवल कॅमेराही चालू ठेवला होता. १९४९ मध्ये लोकांनी पाहिलं ते त्याचं चित्रण. म्हणूनच रंगीत आणि कृष्णधवल प्रती एकमेकींवर ठेवल्या तर चौकटी जुळत नाहीत, कोन थोडा वेगळा असतो.

मूळ रंगीत नेगेटिव्ह घरच्यांनी जपली. ताती यांची कन्या आणि संकलक सोफी तातिशेफ आणि छायालेखक फ्रांस्वा एद यांनी ते तीन पट्टे वाचण्यासाठी खास यंत्रणा बसवली, रंग वेगळे काढले आणि १९९५ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. रंग पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रीकरणापूर्वी गावातली काही दारं ताती यांनी मुद्दाम गडद करड्या रंगात रंगवून घेतली होती आणि गावकऱ्यांना काळपट कपडे घालायला लावले होते. रंग यायचा तो जत्रेच्या गाड्यांबरोबर, पताका आणि मेरी-गो-राउंडच्या घोड्यांबरोबर. जत्रा गेली की तोही जायचा. पन्नास वर्षं प्रेक्षकांना हे दिसलंच नाही.

प्रश्न : ताती मूळचे नट की खेळाडू? घराणं रशियन होतं का? (अमरावती)

उत्तर : जन्म ९ ऑक्टोबर १९०७, पॅरिसजवळ ल पेक इथे. मूळ आडनाव तातिशेफ. आजोबा रशियन, पॅरिसच्या वकिलातीत. घरचा धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा, आणि ताती यांनीही आधी तोच शिकला. लष्करातली सक्तीची नोकरी घोडदळात झाली. मग रासिंग क्लब द फ्रांसमध्ये रग्बी. सामना संपल्यावर जेवणाच्या टेबलाशी ते खेळाडूंच्या, पंचांच्या नकला करत, आणि त्या इतक्या रंगत की त्यातूनच म्युझिक हॉलचा (गाणी, नकला, कसरती असलेल्या रंगमंचीय करमणुकीचा) कार्यक्रम उभा राहिला : गोलरक्षक, मुष्टियोद्धा, टेनिसपटू, घोडेस्वार. घोडेस्वाराच्या नकलेत घोडाही तेच आणि स्वारही तेच. लेखिका कोलेत यांनी १९३६ मध्ये याच कारणासाठी त्यांची तोंड भरून तारीफ केली. याच काळात काही लघुपटांत कामं केली. त्यातला ‘स्वान्य तों गोश’ (१९३६) रने क्लेमां यांनी दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून सुरुवात ‘लेकोल दे फाक्तर’ (१९४७) या पोस्टमनांवरच्या लघुपटाने, आणि तोच फुलून ‘जूर द फेत’ झाला. ‘मोनोंक्ल’ला कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक आणि मग परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. १९७७ मध्ये सन्मानाचा सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार. निधन नोव्हेंबर १९८२ मध्ये, पॅरिसला.

प्रश्न : ‘प्लेटाइम’साठी खरोखर शहर बांधलं होतं? आणि एवढं करून पैसे बुडाले कसे? (पुणे, ठाणे, इंदूर)

उत्तर : शहराचा देखावा म्हणणं जास्त बरोबर, पण तो चालता-बोलता होता. पॅरिसच्या आग्नेयेला, सेंट-मोरिसच्या बाजूला, सुमारे १५,००० चौरस मीटर जागेवर १९६४ मध्ये काम सुरू झालं. सेटची जबाबदारी युजेन रोमां यांच्याकडे. लोक त्याला ‘तातिव्हिल’ म्हणू लागले. डांबरी रस्ते, चालू सिग्नल, सरकता जिना, स्वतःची वीजनिर्मिती, पोलाद आणि काचेचे दर्शनी भाग. मागच्या काही इमारती रुळांवर होत्या, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन बदलला की शहरही सरकवता येई. दूरच्या इमारती प्रत्यक्षात लहान आकाराच्या. दूरची काही माणसं आणि मोटारी म्हणजे कापून उभे केलेले छायाचित्रांचे पुठ्ठे! पुन्हा पाहताना कार्यालयाच्या दृश्यात मागे नजर टाका. दोन-चार कारकून मिनिटभर पापणीसुद्धा हलवत नाहीत.

खऱ्या ठिकाणी का नाही? विमानतळ, मोठी दुकानं, कचेऱ्या चित्रीकरणासाठी महिनोन्‌महिने बंद ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय काच. खऱ्या इमारतीच्या काचेत कॅमेरा, दिवे, माणसं सगळंच दिसतं. ताती यांना प्रतिबिंब हवं होतं, पण त्यांना हवं तेव्हा आणि हवं तेच : काचेचं दार उघडतं आणि क्षणभर त्यात आयफेल टॉवर चमकून जातो. चित्रपटातलं जुनं पॅरिस जवळपास एवढंच.

पैसे बुडण्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. वादळाने सेटचं नुकसान झालं. उघड्यावरच्या काचेवर ढग आला की शॉट जुळेना, मग थांबायचं. चित्रीकरण १९६५ ते १९६७ असं लांबत गेलं, आणि पैसे संपले की काम बंद पडे. प्रत्येक बंद दिवशी सेटच्या देखभालीचा खर्च मात्र चालूच. कर्ज काढताना ताती यांनी आधीच्या चित्रपटांचे हक्क तारण ठेवले. ही खरी चूक. नवा चित्रपट पडला तर जुने तरी पोटाला घालतील, ती वाटच बंद झाली.

त्यात चित्रपट ७० मिमी (नेहमीच्या ३५ मिमीच्या दुप्पट रुंद) फिल्मवर, स्टिरिओ आवाजासह. तो तशीच सोय असलेल्या थिएटरांतच लागावा हा हट्ट. अशी थिएटरं मोजकी. अमेरिकेत तो १९७३ पर्यंत लागलाच नाही, आणि लागला तो कापलेल्या ३५ मिमी प्रतीत. ज्यांनी तिकीट काढलं त्यांना उलो पाहायचा होता, आणि पडद्यावर उलो गर्दीतला एक.

पुढचं वेगाने घडलं. सेट तरुण दिग्दर्शकांसाठी राहावा अशी ताती यांची इच्छा होती, तो पाडला गेला. घर गेलं. निर्मितीसंस्था दिवाळ्यात निघाली आणि १९७४ मध्ये सगळ्या चित्रपटांचे हक्क लिलावात १,२०,००० फ्रँकहून थोड्या जास्त किमतीला विकले गेले. २००१ मध्ये सोफी तातिशेफ आणि नाट्यदिग्दर्शक जेरोम देशां व माशा माकेयेफ यांनी ‘ले फिल्म द मोनोंक्ल’ ही संस्था काढून हक्क एकत्र आणले. आज दुरुस्त प्रती दिसतात त्या यामुळे.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मूकाभिनयात उलो करायचा आहे. कपडे कसे? चालायचं कसं? (जळगाव)

उत्तर : कपडे सोपे. घोट्याच्या वर राहणारी आखूड पँट, खाली आडव्या पट्ट्यांचे मोजे (हे दिसलेच पाहिजेत), फिकट रेनकोट, छोट्या काठाची टोपी, लांब नळीचा पाइप, हातात मिटलेली छत्री. ‘व्हाकांस’मध्ये तो उन्हाळी कपड्यांत आहे. रेनकोटवाला उलो ‘मोनोंक्ल’पासूनचा. पाइप पेटवू नका, तो तसाही पेटलेला क्वचितच असतो.

चालीत सगळे एकच चूक करतात : कमरेतून वाकतात. त्याने म्हातारा दिसतो, उलो नाही. उलो घोट्यातून झुकतो. पाठ सरळ, गुडघे जवळपास ताठ, वजन चवड्यांवर, आणि सगळं शरीर एका रेषेत पुढे कललेलं. सरावासाठी भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, टाचा न उचलता सरळ पुढे कला, पडायच्या आधी थांबा. ती जागा लक्षात ठेवा. मग हात कमरेच्या मागच्या बाजूला, कोपरं मागे. चालताना पावलात स्प्रिंग असते आणि दर चार-पाच पावलांनी तो थबकतो, वळतो, जणू कुणाची वाट अडवली की काय असं वाटून. टाचा न टेकवता सलग पाच मिनिटं असं चाललात तर पोटऱ्या भरून येतील, म्हणून रंगमंचावर मधेमधे बसायचे प्रसंग ठेवा.

चेहऱ्यावर काहीही करू नका. भुवया उडवणं, डोळे वटारणं बंद. उलो अत्यंत सभ्य माणूस आहे. तो कुणाची टिंगल करत नाही आणि आपल्यामुळे गोंधळ झाला हे त्याला बऱ्याचदा कळतही नाही. एक प्रसंग अभ्यासाला घ्या : ‘व्हाकांस’मधलं टेनिस. दुकानातली बाई रॅकेट विकताना ती कशी धरायची ते हाताने करून दाखवते. उलो मैदानात सर्व्हिस करताना तीच कृती अक्षरशः जशीच्या तशी करतो : रॅकेट आडवी धरून एक झटका पुढे, एक मागे, मग फटका. चेंडू परतवणं कुणालाच जमत नाही. हशा येतो तो त्याच्या गंभीरपणामुळे. हसत केलंत तर संपलं.

आणि सगळ्या गमती उलोलाच देऊ नका. बाकीच्या चार मुलांना वाटा.

प्रश्न : मोबाइलवर ताती यांच्या पद्धतीचा तीन मिनिटांचा मूक विनोदी लघुपट करायचा आहे. काय पाळावं? (रत्नागिरी)

उत्तर : मूक म्हणू नका. ताती यांच्या चित्रपटांत संवाद कमी, आवाज भरपूर. बहुतेक सगळा ध्वनी नंतर, एकेक करून बसवलेला. ‘व्हाकांस’मधलं हॉटेलच्या जेवणघराचं झुलतं दार आठवा. दर वेळी ‘प्टुंग’ असा तार तुटल्यासारखा आवाज. दार दिसत नसलं तरी कुणी आत-बाहेर केलं हे कळतं, आणि चौथ्या-पाचव्या वेळी नुसत्या आवाजाला हसू येतं. ‘मोनोंक्ल’मध्ये उलो बहिणीच्या नव्या स्वयंपाकघरात जातो. पाण्याचा एक जग हातून सुटतो, रबरासारखा उसळून परत येतो. त्याला मजा वाटते. मग तो तसाच एक पेला सोडून पाहतो आणि तो खळ्ळकन फुटतो. दोन आवाजांत प्रसंग पूर्ण.

आता तुमचं काम. मोबाइल तिपाईवर, छातीच्या उंचीला, आडवा. नेहमीची मागची लेन्स वापरा. अल्ट्रा-वाइडने कडेच्या भिंती वाकतात आणि माणसं ताणली जातात. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे साधारण चार-पाच मीटर अंतर. क्लोज-अप नकोच. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कुणी पांढरा शर्ट घालून आला की मागची भिंत काळवंडते. मोबाइल एअरप्लेन मोडवर. एक शॉट निदान वीस सेकंद चालू द्या आणि त्यात दोन गोष्टी घडू द्या, एक पुढे, एक मागे. दोन्ही एकाच क्षणी नकोत. पुढची संपत आली की मागची सुरू. प्रेक्षकाने मागची स्वतः शोधली पाहिजे.

चित्रीकरणाच्या वेळचा आवाज केवळ जुळवाजुळवीसाठी ठेवा, नंतर पूर्ण बंद. मग शांत खोलीत, पंखा आणि फ्रिज बंद करून, मोबाइल वस्तूपासून वीतभर अंतरावर ठेवून एकेक आवाज घ्या : चपला, खुर्ची, चमचा. प्रत्येक आवाज पाच-सहा वेळा घ्या आणि त्यातला एक निवडा. त्याच खोलीच्या नुसत्या शांततेचं अर्धं मिनिट वेगळं रेकॉर्ड करून सगळ्याच्या खाली पसरा. हे राहिलं तर दोन आवाजांमधल्या जागा पोकळ लागतात आणि फसवणूक कळते. शेवटी मिसळताना एका वेळी एकच आवाज वर, बाकीचे खाली. सगळे खरेखुरे, सारख्याच पातळीवर ठेवलेत तर विनोद गाडला जाईल. संगीत मागून, कमी.

नट नवखे असले तरी चालेल. ताती स्वतः अव्यावसायिक माणसं घेत आणि प्रत्येकाची चाल आधी स्वतः करून दाखवत.

प्रश्न : मिस्टर बीन म्हणजे उलोचीच नक्कल ना? (लातूर)

उत्तर : नक्कल नाही, पण बीन साकारणारे रोवन ॲटकिन्सन यांनी उलोचं ऋण उघडपणे मानलं आहे. फरक मोठा आहे. बीन स्वार्थी आणि खोडकर, सगळं त्याच्याभोवती फिरतं. उलो बाजूला सरकून दुसऱ्यांना जागा देतो.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत ‘प्लेटाइम’ दाखवायचा आहे. अडचणी काय येतात? (पणजी, औरंगाबाद)

उत्तर : आधी हक्क. घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली डिस्क सार्वजनिक खेळाला चालत नाही, परवानगी वेगळी घ्यावी लागते. फ्रेंच वकिलातीच्या सांस्कृतिक विभागामार्फत किंवा जवळच्या अलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच भाषा-संस्कृतीच्या संस्थेमार्फत विचारणा केलीत तर वाट लवकर सापडते.

डिस्क वापरणार असाल तर रीजन कोड (ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारं अक्षर) पाहा. अमेरिकन ब्लू-रे ‘ए’, फ्रान्समधली ‘बी’, आणि भारतात विकले जाणारे प्लेअर ‘सी’. ऐन खेळाच्या वेळी ‘ही डिस्क चालणार नाही’ अशी पाटी झळकते ती यामुळे. बहु-रीजन प्लेअर आणा आणि आदल्या दिवशी संपूर्ण डिस्क चालवून पाहा, पहिली पाच मिनिटं नव्हे.

चौकट तपासा. ‘प्लेटाइम’ रुंद आहे, १.८५ : १. पण ‘व्हाकांस’ आणि ‘मोनोंक्ल’ जुन्या जवळपास चौकोनी आकारात आहेत. प्रोजेक्टर ‘फुल’वर राहिला तर सहा फुटांहून उंच उलो बुटका आणि जाडा दिसतो. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत.

पडदा लहान असेल तर खुर्च्या पुढे घ्या. पडद्याच्या रुंदीच्या दीडपटीहून लांब कुणी बसू नये. ‘प्लेटाइम’चा दुसरा अर्धा भाग ‘रॉयल गार्डन’ या उपाहारगृहाच्या उद्घाटनाच्या रात्रीचा. काम अर्धवट असतानाच गिऱ्हाइकं येतात. एक मासा दोन टेबलांच्या मधे तापत राहतो. येणारा प्रत्येक वेटर त्यावर मसाला टाकतो, वाढत कुणीच नाही. खुर्च्यांच्या पाठीवरचा मुकुटाचा ठसा लोकांच्या कोटांवर उमटतो. मुख्य दाराची काच फुटते, तेव्हा दरवान नुसती पितळी मूठ हातात धरून ‘दार’ उघडत-लावत राहतो आणि बक्षिशीही घेतो. हे सगळं एकाच वेळी वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालू असतं. मागच्या रांगेत बसणाऱ्याला यातलं निम्मं दिसणार नाही.

सबटायटल चालतील, पण आधी सांगून ठेवा की वाचलं नाही तरी बिघडत नाही. बोलणं फ्रेंच, इंग्रजी, जर्मन असं मिसळलेलं आहे (इंग्रजी वाक्यं अमेरिकन विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड यांची) आणि ते बव्हंशी गलक्यासारखं वापरलंय. डोळे खालच्या ओळीवर गेले की वरची गंमत निसटते. आवाज मात्र नीट हवा. डावा-उजवा स्पीकर उलटा जोडला तर पावलं एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या, असं होतं.

चित्रपट संपल्यावर काळ्या पडद्यावर संगीत चालू राहतं. प्रोजेक्टर बंद करू नका, दिवे हळू लावा आणि लोकांना त्या संगीतावर बाहेर पडू द्या. तसंच अभिप्रेत आहे. आभाराचं भाषण आधी उरका.

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात फ्रान्सला जातोय. ताती यांच्या चित्रपटांतल्या जागा अजून आहेत का? (न्यू जर्सी)

उत्तर : दोन आहेत. ‘व्हाकांस’चं गाव म्हणजे ब्रिटनीच्या दक्षिणेला, सेंट-नाझेरजवळचं सेंट-मार्क-स्युर-मेर. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सेंट-नाझेरला थेट वेगवान गाड्या आहेत. तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. हॉटेल जागेवर आहे, किनाऱ्यावर उलोचा पुतळा आहे, समुद्राकडे बघत झुकलेला. दुसरं, ‘जूर द फेत’चं सेंत-सेव्हेर-स्युर-अँद्र, फ्रान्सच्या मध्यभागी. चौक बराचसा ओळखू येतो आणि चित्रपटाला वाहिलेलं एक छोटं संग्रहालय आहे, पण ते हंगामी, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्या. रेल्वे शातोरूपर्यंतच उपयोगाची. पुढे मोटार भाड्याने घेतलेली बरी.

बाकी शोधू नका. ‘मोनोंक्ल’मधला माशाच्या कारंज्याचा आधुनिक बंगला नीसच्या व्हिक्तोरिन स्टुडिओत उभारलेला सेट होता आणि चित्रीकरणानंतर मोडला, २००९ मध्ये पॅरिसला एका प्रदर्शनासाठी त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती केली होती, तीही तात्पुरती. तातिव्हिलची वीटही उरलेली नाही.